परदेशी जाणाऱ्या कोळंबीची तपासणी होते, आमच्या कलेजीची कधी?

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

प्रत माहितीसाठी: मा. पशुसंवर्धन आयुक्त, पुणे, मा. मत्स्यव्यवसाय आयुक्त, मुंबई

विषय: चिकन, अंडी व तळ्यातल्या माशांतील अँटिबायोटिकच्या अंशांची नियमित तपासणी करून निकाल जाहीर करण्याबाबत.

महोदय,

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्ध्यावर बाजूला पडलं तरी ती राहून जायला नको. आपल्या राज्यात विकलं जाणारं चिकन, अंडी आणि तळ्यातले मासे यांत अँटिबायोटिकचे अंश किती आहेत, हे आपल्या प्रशासनाने ठरलेल्या वेळापत्रकाने तपासावं. निकाल चांगले असोत की वाईट, जिल्ह्याच्या आणि औषधाच्या नावासकट लोकांसमोर ठेवावेत. यासाठी नवा कायदा नको, नवं महामंडळ नको, अभ्यासगट तर नकोच नको.

मी रसायनशास्त्राची. नोकरीची बरीचशी वर्षं तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत काढली. काम एकच: परदेशी जाणाऱ्या कोळंबीत औषधांचे अंश शोधायचे. त्या कामाची एक रात्र कशी असते ते सांगते, कारण ‘तपासणी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रंग बदलणारी कागदाची पट्टी येते.

नायट्रोफुरानचंच घ्या. प्राण्यांच्या अन्नसाखळीत बंदी असलेलं हे औषध. कोळंबीला ते दिलं तर मूळ औषध काही तासांतच अंगातून नाहीसं होतं. त्याचे तुकडे मात्र मांसातल्या प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात. आम्ही शोधायचो ते हे तुकडे. आधी कोळंबी सोलायची, आणि सोलायची म्हणजे कवचाचा कण राहू द्यायचा नाही. कारण चार प्रकारच्या तुकड्यांपैकी सेमिकार्बाझाइड नावाचा एक, कोळंबीच्या कवचात औषध न देताही सापडू शकतो, आणि मग निरपराध तळं गुन्हेगार ठरतं. सोललेला गर बारीक वाटायचा, त्यातला जेमतेम एक-दोन ग्रॅम पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात घालायचा, वर नायट्रोबेन्झाल्डिहाइड, आणि नळ्या रात्रभर ३७ अंशांवर ठेवून द्यायच्या. प्रथिनांना घट्ट बसलेले तुकडे या रात्रीत सुटतात. सकाळी आम्ल मारायचं, इथाइल ॲसिटेटमध्ये अंश ओढून घ्यायचे, द्रावक उडवायचा आणि तळाशी उरलं ते एलसी-एमएस/एमएस या, रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राला द्यायचं. पडद्यावर त्या-त्या तुकड्याचं शिखर ठरल्या मिनिटाला उगवलं की पोटात गोळा यायचा, कारण एका शिखरामागे कुणाचं तरी कंटेनरभर भांडवल असायचं.

आणि हे सगळं किती बारीक प्रमाणासाठी? किलोमागे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एक पीपीबी. दहा टनी शंभर ट्रक भरून मांस घ्या आणि त्या सगळ्यात मिळून एक ग्रॅम औषध. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२२ पासून नायट्रोफुरानच्या तुकड्यांसाठी ती रेघ अर्ध्या पीपीबीवर आणली, क्लोरॅम्फेनिकॉल या बंदी असलेल्या दुसऱ्या अँटिबायोटिकसाठी ०.१५ वर.

ही शिस्त आपल्याला आपोआप लागली नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत युरोपने आपल्या कोळंबीच्या खेपा हीच दोन औषधं सापडली म्हणून परत धाडल्या, तेव्हा लागली. त्यातून एमपीडाची, म्हणजे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाची, राष्ट्रीय अंश-नियंत्रण योजना भक्कम झाली, तळं उपसण्याआधी एलायझा या झटपट चाळणी-चाचणीने पूर्वतपासणी आली, निर्यात तपासणी परिषदेचं प्रमाणपत्र आलं. तरी २०१६ मध्ये युरोपने आपल्या शेतीच्या कोळंबीतल्या तपासायच्या खेपांचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं. म्हणजे इथे एकदा तपासलेल्या मालातली निम्मी खेप तिथल्या बंदरात पुन्हा तपासायची. अपमान वाटला तरी व्यापाऱ्याने तो गिळला, कारण गिऱ्हाईक खमकं होतं.

संध्याकाळी घरी जाताना पनवेलच्या बाजारात मी कोळंबी घ्यायचे. तिची ना पूर्वतपासणी, ना प्रमाणपत्र, ना कुणी तिचं कवच माझ्यासाठी काळजीपूर्वक काढलेलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या ताटातली कोळंबी मला अर्ध्या पीपीबीपर्यंत ओळखीची होती आणि माझ्या स्वतःच्या कालवणातली मुळीच नाही. राग त्याचा आहे.

एक प्रश्न या निमित्ताने थेट विचारते. उपशाआधीच्या तपासणीत जे तळं नापास होतं, त्याचा अहवाल निर्यातीच्या यंत्रणेसाठी असतो. तोच अहवाल त्याच दिवशी त्या जिल्ह्यातल्या आपल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर पडेल अशी सोय करता येणार नाही का? परदेशाला जो माल चालत नाही तो पालघर, रायगड किंवा रत्नागिरीच्या बाजारात उतरू नये, एवढीच अपेक्षा आहे.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे आणि चांगला आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २१ मध्ये पशुवैद्यकीय औषधांचे व अँटिबायोटिकचे अंश ठरलेल्या मर्यादेबाहेर अन्नात असू नयेत असं स्पष्ट लिहिलंय. मांस, अंडी, दूध, मासे यांतल्या कितीतरी औषधांच्या मर्यादा २०१८ च्या दुरुस्तीने ठरल्या. कोलिस्टिन हे औषध, म्हणजे अतिदक्षता विभागात बाकी काही लागू पडेनासं झालं की काढतात ते, जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या, मासे, अन्नासाठी पाळलेली इतर जनावरं आणि पशुखाद्य यांच्यासाठी बनवायला आणि विकायला बंद केलं. १ एप्रिल २०२५ पासून एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, बंदी असलेल्या औषधांची यादी आणखी लांबली. त्याच वर्षी क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफुरान अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता आयात करणं, बनवणं, विकणं यावरही केंद्राने बंदी घातली. कागदावर आपण कुणाच्या मागे नाही. नमुना उचलणारा हात तेवढा हवा.

आता कुणी म्हणेल, इतक्या बारीक अंशाने माणसाला होतं काय? प्रश्न रास्त आहे, आणि घाबरवणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं देऊन फुगवतात, ही गावोगावची कथा खोटी आहे. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये इंजेक्शनं टोचत बसायला माणसं आणणार कुठून? ब्रॉयलर चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलोच्या पुढे जातो तो पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. मर्यादेच्या आत अंश असलेलं चिकन एकदा खाल्लं म्हणून कुणी आजारी पडत नाही. त्या मर्यादा आयुष्यभर रोज खाणाऱ्याचा हिशोब करून बांधलेल्या असतात. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या औषधाची गोष्ट निराळी. क्वचित का होईना, पण त्याने अस्थिमज्जा रक्त बनवायचं थांबवते, आणि किती प्रमाणापर्यंत ते सुरक्षित हे ठरवताच आलेलं नाही. म्हणून त्याला मर्यादा नाही, थेट बंदी आहे.

पण माझ्या लेखी अंश शोधण्याचं मुख्य कारण खाणाऱ्याचं पोट हे नाहीच. शेडवर आणि तळ्यावर काय चाललंय याचा तो पुरावा असतो. कलेजीत एन्रोफ्लॉक्सासिन हे कोंबड्यांना देतात ते अँटिबायोटिक मर्यादेबाहेर सापडलं, तर कुणीतरी ते पाण्यातून दिलं आणि औषध अंगातून उतरायचे दिवस भरायच्या आत पक्षी गाडीत चढवले, असं बहुधा समजायचं. त्या पाण्याच्या नळीत, त्या तुसात, त्या पक्ष्यांच्या आतड्यात औषधाला न बधणारे जंतू तयार होतात आणि ते शेडच्या दारात थांबत नाहीत. कोंबडीच्या अंगात एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे आपल्याच दवाखान्यात लघवीच्या जंतुसंसर्गावर लिहून देतात तीच गोळी. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. त्यात कोंबडीचा वाटा किती हे आकड्यात सांगता येत नाही. आहे हे मात्र कुणी नाकारत नाही.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये राजधानी परिसरातून चिकनचे ७० नमुने घेतले, त्यातल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश मिळाले. काहींत तर एकाहून जास्त औषधं एकदम. एका स्वयंसेवी संस्थेने सत्तर नमुन्यांत जे दाखवलं ते आपल्यासारख्या यंत्रणेला सात हजारांत सहज दाखवता येईल.

शेडचं बोलते, कारण दोष कुणाच्या माथी मारायचा हे आधीच ठरवून लोक मोकळे होतात. कराराच्या कुक्कुटपालनात पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधही कंपनीचंच. शेतकऱ्याचं शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणं. त्याला मिळतो किलोमागे ठरलेला संगोपन दर. मर वाढली, खाद्य जास्त लागलं की तो कापला जातो. पस्तिसाव्या दिवशी पक्षी घरघरू लागले तर सुपरवायझर येतो, बाटली देतो, पाण्याच्या टाकीत टाकायला सांगतो. लिफ्टिंग, म्हणजे पक्षी उचलून नेणं, कधी होणार हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. बाजार वर गेला की गाडी दोन दिवस अलीकडे येते, पडला की चार दिवस लांबते. आता यात औषधाचे दिवस मोजायचे कुणी?

आणि ते दिवस कायद्याने ठरलेले आहेत. जानेवारी २०१२ मध्ये औषधांच्या नियमांत दुरुस्ती झाली. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांच्या औषधाच्या लेबलवर विदड्रॉवल पिरियड, म्हणजे शेवटचा डोस आणि कत्तल यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे, ते छापलंच पाहिजे. त्या औषधासाठी वेगळा कालावधी ठरलेला नसेल तर दूध-अंड्यांना किमान ७ दिवस, कोंबडी-बकऱ्याच्या मांसाला २८ दिवस आणि माशांना ५०० डिग्री-डे धरायचे. म्हणजे पाण्याचं तापमान गुणिले दिवस. २८ अंशांच्या तळ्यात ते साधारण १८ दिवस होतात, थंडीत पाणी २० अंशांवर उतरलं तर २५ दिवस. किती तळेवाले थर्मामीटर घेऊन हा गुणाकार करत असतील? कोंबडीचा हिशोब तर आणखी मजेशीर आहे. पक्ष्याचं एकूण आयुष्यच चाळीस दिवसांचं. त्यातले अठ्ठावीस वजा केले की उरतात बारा. म्हणजे लेबलवर दिवस न ठरवलेलं औषध बाराव्या दिवसानंतर पक्ष्याला देताच येत नाही. आणि श्वसनाचे आजार जोर धरतात ते बहुधा त्यानंतरच.

इथेच आपल्या कार्यालयाचं महत्त्व येतं, आणि म्हणून हे पत्र दिल्लीला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम १८ सांगतं की शेतकरी, मच्छीमार, पशुपालन आणि मत्स्यशेती यांना हा कायदा लागू नाही. अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्यही वगळलेलं आहे. त्यामुळे नुसता अन्नाचा अधिकारी दुकानापर्यंत जातो आणि शेडच्या फाटकाशी थबकतो. पण आपल्याकडे अन्न आणि औषध दोन्ही एकाच आयुक्तांच्या हाताखाली आहेत. कलेजीत सापडलेलं औषध कोणत्या दुकानातून गेलं, डॉक्टरची चिठ्ठी होती का, बिल कुणाच्या नावे फाटलं, लेबलवर दिवस छापले होते का, हे विचारायचा अधिकार आपल्या औषध निरीक्षकांना आहे. बंदी आलेलं कोलिस्टिन अजून कुणाच्या मांडणीवर मिळतं का, हे बघायचाही. आपल्या दोन शाखा एका फाइलवर बोलू लागल्या तर शेडच्या फाटकाचा अडसर उरत नाही.

नमुना कुठून घ्यायचा हा पुढचा मुद्दा, आणि यावर जरा थांबते, कारण इथे चुकलं की सगळा खर्च वाया. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानातून घेतलेला नमुना फारसा उपयोगाचा नाही. पिंजऱ्यात तीन शेडचे पक्षी मिसळलेले असतात, वर लेबल नाही, बॅच नाही. अंश सापडला तरी मागे जायला वाटच नाही आणि खटला येतो तो बिचाऱ्या कापणाऱ्यावर. त्याने तर औषधाची बाटली पाहिलेलीही नसते. नमुना घ्यावा पहाटे, गाडी उतरते तिथे. क्रेटच्या गाडीबरोबर चलन असतं: कोणत्या शेडचा माल, किती नग, किती वजन. तो कागद आणि तो पक्षी एकाच सीलमध्ये बांधा. अंड्यांचं तसंच, ट्रेच्या घाऊक गाळ्यावर.

आणि छातीचा तुकडा घेऊन थांबू नका. कलेजी घ्या, किडनी घ्या. बरीचशी औषधं तिथे जास्त साठतात. आपल्याकडे कलेजी-पेटा हा लहान मुलांना आणि अशक्त माणसाला मुद्दाम खाऊ घालायचा पदार्थ आहे. टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शियमला धरून हाडांत जाऊन बसतात, तेव्हा पाया-सूपसाठी विकल्या जाणाऱ्या हाडांचे थोडे नमुनेही असू देत. शिजवलं की सगळं जातं या समजुतीवर विसंबू नये. टेट्रासायक्लिन उकळल्यावर बरंच कमी होतं, एन्रोफ्लॉक्सासिन ज्यात येतं त्या फ्लोरोक्विनोलोन गटाला मात्र कुकरच्या शिट्टीचं फारसं काही वाटत नाही.

माशांबाबत मात्र उगाच सगळ्या टोपल्या उपसू नयेत. बांगडा, सुरमई, बोंबील, पापलेट हे मोकळ्या समुद्रातले; त्यांना औषध द्यायला कुणी जात नाही. आमच्या कोळीणमावशीचा धंदा या भानगडीत नाहक बसायला नको. बघायचं ते तळ्यातलं: व्हॅनामेई कोळंबी, आंध्रातून बर्फात येणारे रोहू-कटला, हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येणारा पंगास, तिलापिया. वेळही साधता येते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताजी मासळी आटते आणि तळ्यातल्या मालाचा वाटा वाढतो. नमुने तेव्हा जास्त घ्या. चिकनचे घ्या गटारीच्या आदल्या आठवड्यात, जेव्हा मागणीपायी गाड्या लवकर भरल्या जातात. गोव्यात २०१८ च्या जुलैमध्ये फॉर्मेलिनवरून काय गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. मडगावच्या घाऊक बाजारातून निघालेली गोष्ट परराज्यातल्या मासळीवरच्या बंदीपर्यंत गेली. फॉर्मेलिनला निदान झटपट तपासायची पट्टी तरी आहे. अँटिबायोटिकला वास नाही, रंग नाही, डोळे लाल झालेले दिसत नाहीत.

खर्चाची सबब येईल, तीही माहीत आहे. एलसी-एमएस/एमएस यंत्र कोटीच्या घरात जातं आणि ते चालवायला हात बसलेला माणूस लागतो. पण प्रत्येक नमुना त्यावर चढवायची गरजच नसते. आधी एलायझा किंवा जंतूंची वाढ थांबते का ते बघणारी साधी चाळणी लावायची, संशयित तेवढे मोठ्या यंत्राकडे पाठवायचे. निर्यातीचं अर्धं काम असंच चालतं. यंत्र नसेल तिथे मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा आहेत. एका नमुन्याला काही हजार रुपये पडतात. खरी अडचण वेगळीच, आणि ती स्वस्तातली आहे: बर्फ. नमुना उचलल्यावर तो गोठलेला राहिला पाहिजे. कायद्याप्रमाणे त्याचे चार भाग करून सील करायचे, विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. यात एखादा डबा दुपारभर जीपच्या मागच्या सीटवर राहिला, की पुढे न्यायालयात वकील त्याच डब्यावर बोट ठेवतो. अधिकाऱ्यांना आधी डीप फ्रीझर आणि बर्फाच्या पेट्या द्या, यंत्र नंतर.

आता जाहीर करण्याबद्दल. निकाल बाहेर आले तर लोक घाबरतील, चिकनचे भाव पडतील, शेतकरी मरेल, असं आपल्याला सांगितलं जाईल. उलट आहे. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकन खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा उठली, तेव्हा लोकांना दाखवायला कुणाकडे काहीच तयार नव्हतं, आणि शेतकऱ्यांनी पिल्लं खड्ड्यात पुरली. डिसेंबर २०२५ मध्ये अंड्यांत नायट्रोफुरानचा अंश सापडल्याचा व्हिडिओ फिरला. मग एफएसएसएआयला खुलासा करावा लागला की अंडी सुरक्षित आहेत आणि एक पीपीबीची रेघ ही तपासणीच्या सोयीसाठी आहे, औषध वापरायची परवानगी नव्हे. खुलासा बरोबरच होता. पण वर्षानुवर्षांचे निकाल आधीच लोकांसमोर असते तर तो देण्याची वेळ इतक्या घाईत आली नसती. रिकाम्या जागेत व्हिडिओच येऊन बसणार.

दुधाचा दाखला आपल्याच घरातला आहे. एफएसएसएआयने देशभरातून दुधाचे ६४३२ नमुने घेतले आणि २०१९ मध्ये निकाल उघड केले. ७७ नमुन्यांत अँटिबायोटिक मर्यादेबाहेर होतं. महाराष्ट्राच्या ६७८ पैकी ९ मध्ये. कुणी दूध प्यायचं सोडलं का? युरोपात असे निकाल दरवर्षी छापले जातात आणि नापासांचं प्रमाण हजारात एक-दोन असतं. लोक ते वाचतात, किंवा वाचतही नाहीत, आणि शांतपणे जेवतात.

शेतकऱ्याला हे झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी नाशिकला जावं. २००३ च्या सुमारास युरोपने द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले म्हणून माल नाकारला. मग मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली तपासणीची घडी बसली, २००६ मध्ये निर्यातीच्या द्राक्षांचा बागेपर्यंत माग ठेवणारं ग्रेपनेट आलं, आणि तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाने दणका दिलाच. आज दिंडोरी-निफाडच्या बागाईतदाराला विचारा. कोणतं औषध छाटणीनंतर कितव्या दिवसापर्यंत मारायचं, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. रेसिड्यू हा शब्द तिथे पारावर चालतो. जे द्राक्षवाल्याला जमलं ते कोंबडीवाल्याला का जमू नये? फरक इतकाच, की द्राक्षाला युरोपचं गिऱ्हाईक होतं आणि ब्रॉयलर खाणारे आपणच आहोत.

म्हणून पहिल्या वर्षी खटले भरण्याची घाई नको. बंदी असलेलं औषध सापडलं तर गय नको, ते वेगळं. पण मर्यादा ओलांडल्याच्या पहिल्या खेपेला शेडवर पशुवैद्यक पाठवा, औषधाची नोंदवही मागा, आणि करार असेल तर नोटीस कंपनीच्या नावाने काढा. ज्याची बाटली त्याची जबाबदारी. पशुसंवर्धन विभागाला यात घेतल्याशिवाय हे होणार नाही, म्हणून प्रत तिकडेही धाडली आहे. मॉलमध्ये ‘अँटिबायोटिक-फ्री’ छापून चढ्या भावाने विकली जाणारी पाकिटंही नमुन्यांत असू द्यात. दावा खरा असेल तर त्यांचंच भलं होईल.

शेवटी एक छोटं काम, ज्याला ना यंत्र लागतं ना मंजुरी. अधिनियमाच्या कलम ४० प्रमाणे कोणताही ग्राहक फी भरून विकत घेतलेलं अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. ही तरतूद माझ्या शेजारणींना माहीत नाही, चिकनवाल्याला नाही, वकिलालाही नव्हती. अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, अँटिबायोटिकच्या तपासणीला फी किती, नमुना किती ग्रॅम लागतो, तो कसा गोठवून आणायचा, अहवाल कधी मिळेल, एवढं एका पानावर मराठीत छापून प्रत्येक जिल्हा कार्यालयाच्या दारावर लावा. लावलंत की कळवा. रायगडच्या कार्यालयात पाव किलो कलेजी आणि फीचे पैसे घेऊन मी रांगेत असेन.

आपली,
निर्यात-प्रयोगशाळेतली एक निवृत्त रसायनतज्ज्ञ,
पनवेल